सही कुठे करायची?

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

मी कवितेचा माणूस. बी.ए.ला मराठी घेतलं आणि त्याच दिवशी आकड्यांशी काडीमोड घेतला. तरीही आमच्या घरात कुणाला कसला फॉर्म भरायचा असला, की तो माझ्यापुढे येऊन पडतो. कारण साधं आहे. खालचा बारीक अक्षरातला मजकूर शेवटपर्यंत वाचण्याचा मला कंटाळा येत नाही. मागे एकदा पावसाळ्याच्या तोंडाला माझी पुतणी अशीच मुंबईहून गावी आली आणि लॅपटॉप उघडून माझ्यापुढे बसली. पोर हिशेबाची परीक्षा देते आहे. परीक्षा ब्रिटिश संस्थेची, एसीसीए नावाची. द्यायची मुंबईत बसून आणि काम करायचं परदेशात, असा तिचा बेत.

"चाचा," ती म्हणाली, "शेवटच्या टप्प्यात चारांतले दोन पेपर निवडायचेत. शिवाय काही पेपर ब्रिटनच्या कायद्याप्रमाणे द्यायचे की आंतरराष्ट्रीय पद्धतीचे, तेही ठरवायचंय. क्लासमधली मुलं म्हणतात, ज्यात जास्त पास होतात ते घे. तुम्ही काय म्हणता?"

मी काय म्हणणार? मी तिच्या वडिलांकडे पाहिलं. माझे थोरले भाई. ओटीवर सुपारी कातरत बसले होते. ते स्वतः सीए. अडकित्ता खाली ठेवून ते एवढंच म्हणाले, "सोपं-कठीण मागाहून बघू. पोरी, आधी हे सांग, सही कुठे करायचीय?"

या एका प्रश्नामागे भाईंची बावीस वर्षं आहेत. आमच्या मोहल्ल्यातले ते पहिले सीए. १९८७ साली आखातातल्या एका देशात ऑडिटच्या कामावर गेले, तेव्हा निरोप द्यायला अर्धा गाव एस.टी. स्टँडवर आला होता. पहिल्या वर्षअखेरीला एका मोठ्या कंपनीचं ऑडिट त्यांनी रात्री जागून पुरं केलं. ताळेबंद जुळला, अहवाल टाइप होऊन आला. भाईंनी खिशातलं पेन काढलं, तेव्हा वरिष्ठांनी अगदी सौजन्यानं कागद आपल्याकडे ओढून घेतला. त्या देशात अशा अहवालावर सही करायला सरकारी नोंदवहीत नाव लागत होतं, आणि परक्या मुलखाच्या माणसाचं नाव त्या वहीत चढत नव्हतं. पुढे बावीस वर्षं तेच. काम भाईंचं, सही दुसऱ्याची. पगार चांगला होता. त्या पगारातून आमचं घर उभं राहिलं, बहिणींची लग्नं झाली. भाईंनी कधी कुणाविषयी वावगा शब्द काढला नाही. फक्त एकदा म्हणाले, "जाण्याआधी कुणी सांगायला हवं होतं. गेलोच असतो, पण माहीत असून गेलो असतो."

त्या दिवसापासून मी या विषयाचा इतिहास वाचू लागलो. वाचता वाचता लक्षात आलं, की भाईंच्या हातातून जो कागद ओढला गेला, त्याची कहाणी दीडशे वर्षांहून जुनी आहे. तिचं सार एका वाक्यात सांगतो. हिशेबाला समुद्र अडवत नाही, सहीला अडवतो.

हिशेब किती सहज प्रवास करतो, हे पाहायला आपली मराठीच पुरे. आमचे वडील चिपळूणच्या बाजारात एका तांदळाच्या पेढीवर दिवाणजी होते. मोडीत रोजकीर्द लिहायचे, तिच्यावरून खतावणी करायचे. त्यांच्या वहीतले शब्द आठवून पाहा. हिशेब, जमा, बाकी, रक्कम, वसूल हे सगळे अरबीतून आलेले. खर्च आणि कीर्द फारसीतून. नाना फडणवीसांचं आडनावसुद्धा 'फर्दनवीस', म्हणजे हिशेबाची फर्द लिहिणारा, यावरून आलं. शिवाजी महाराजांनी राज्यव्यवहारकोश करवून घेतला, त्यात मुजुमदाराचा अमात्य झाला. नाव बदललं, पण राज्याच्या जमाखर्चावर नजर ठेवण्याचं काम तेच राहिलं. आणि गंमत म्हणजे खुद्द 'सही' हा शब्दही अरबी 'सहीह'वरून आलेला. त्याचा अर्थ खरं, बरोबर. सही करणारा माणूस नुसतं नाव लिहीत नाही, 'हे खरं आहे' अशी ग्वाही देतो.

तिकडे युरोपातही हेच घडलं. १४९४ साली व्हेनिसमध्ये लुका पाचोली नावाच्या फ्रान्सिस्कन साधूचा गणितावरचा मोठा ग्रंथ छापला गेला. त्यात व्हेनिसचे व्यापारी दुहेरी नोंदीनं वह्या कशा ठेवतात, याचं वर्णन होतं. प्रत्येक व्यवहार दोन ठिकाणी लिहायचा, एकदा नावे, एकदा जमा, आणि शेवटी दोन्ही बाजू जुळल्या पाहिजेत. पाचोलीनं ही पद्धत शोधली नाही, ती आधीपासून चालत होती. त्यानं ती छापून जगाच्या हाती दिली. आज टोकियोपासून टोरांटोपर्यंत वह्या याच नियमानं चालतात. हिशेबाला व्हिसा लागला नाही.

मग सही कुठे अडली? ती अडली, कारण एकोणिसाव्या शतकात धंद्याचं रूप बदललं. पेढीचा मालक आणि पेढी एकाच छपराखाली असेपर्यंत वही तपासणं हे मालकाचं काम होतं. पुढे कंपन्या आल्या. पैसा हजारो लोकांचा आणि कारभार चार संचालकांचा. आता वह्या खऱ्या आहेत हे सांगायला तिसरा माणूस हवा झाला. स्कॉटलंडमध्ये एडिंबराच्या अकाउंटंटांच्या मंडळाला १८५४ साली राजसनद मिळाली. सनद म्हणजे चार्टर. त्यावरून ते चार्टर्ड अकाउंटंट. आपण मराठीत सनदी लेखापाल म्हणतो ते याच अर्थानं. १८७८ साली सिटी ऑफ ग्लासगो बँक बुडाली. तिचे ताळेबंद खोटे होते आणि भागधारकांची जबाबदारी अमर्याद होती, त्यामुळे अनेकांची घरंदारं गेली. दुसऱ्याच वर्षी ब्रिटनमध्ये मर्यादित जबाबदारीच्या बँकांना ऑडिट सक्तीचं झालं. १८८० साली इंग्लंड आणि वेल्सच्या संस्थेलाही राजसनद मिळाली.

इथे मुद्दा नीट ध्यानात घेऊ या. बँक बुडते तेव्हा नुकसान त्या मुलखातल्या माणसांचं होतं. म्हणून त्या मुलखाचं सरकार म्हणतं, ग्वाही देणारा माणूस आमच्या कायद्याच्या हाताला लागेल असा हवा. चुकला तर त्याला जाब विचारता आला पाहिजे. सहीवरच्या पहाऱ्याचं मूळ इथे आहे. त्यात पुढे मक्तेदारी शिरली, वर्णद्वेष शिरला, पुरुषी अहंकारही शिरला. मेरी हॅरिस स्मिथ ही इंग्रज बाई कित्येक वर्षं लंडनमध्ये हिशेबनिसाचा व्यवसाय करत होती. तिनं १८९१ साली सनदी संस्थेकडे अर्ज केला. तो मंजूर व्हायला १९२० साल उजाडलं. तेव्हा तिनं पंचाहत्तरी गाठली होती. समुद्र न ओलांडताही सही अडू शकते, ती अशी.

या सनदी वाटेवर पैशाचाही अडसर होता. इंग्लंडमध्ये पाच वर्षांची उमेदवारी करावी लागे, पदवीधराला तीन वर्षांची. उमेदवारानं पगार घ्यायचा नाही, उलट आपल्या वरिष्ठालाच मोठी रक्कम द्यायची. म्हणजे गुरुदक्षिणा आगाऊ! ज्यांना हे परवडत नव्हतं त्यांच्यासाठी १९०४ साली आठ जणांनी मिळून 'लंडन असोसिएशन ऑफ अकाउंटंट्स' काढली. माझी पुतणी ज्या संस्थेची परीक्षा देते, तिचा हा जन्म. ज्यांना दार बंद होतं त्यांनी बांधलेलं हे दुसरं दार.

आता आपल्या मुंबईकडे येऊ. १९१३ च्या हिंदुस्थानी कंपनी कायद्यानं ऑडिटरची लायकी ठरवून दिली. सरकारनं मान्य केलेल्या संस्थांच्या सभासदांना देशभर ऑडिट करता येत असे, आणि या मान्य संस्था होत्या ब्रिटनमधल्या. बाकीच्यांनी प्रांतिक सरकारकडून परवाना घ्यायचा. त्यात दोन प्रकार होते. एक मोकळा परवाना, तो सगळ्या ब्रिटिश हिंदुस्थानात चाले. दुसरा मर्यादित, तो फक्त त्या प्रांतापुरता आणि परवान्यात नमूद केलेल्या भाषेपुरता. हे वाचून माझ्यातला कवी थबकला. हिशेबाची सहीसुद्धा भाषेला बांधलेली होती! वहीची भाषा येत नसेल तर ग्वाही कशाच्या जोरावर देणार, हा त्यातला खरा विचार. पण त्याच न्यायानं लंडनहून आलेल्या साहेबाला मोडीतली कीर्द वाचता येते का, असं मात्र कुणी विचारत नव्हतं.

म्हणजे त्या काळच्या हुशार पण बेताच्या घरातल्या मुलापुढे माझ्या पुतणीच्या उलटा प्रश्न होता. इथेच काम करायचं, पण त्यासाठी विलायतेला जाऊन यायचं. बोटीचं भाडं, तिथला राहण्याचा खर्च आणि वर उमेदवारीची रक्कम. ही कोंडी मुंबईनं फोडली. शहरात गिरण्या होत्या, कापसाचा व्यापार होता, कंपन्या वाढत होत्या. १९१३ साली सिडनहॅम कॉलेज सुरू होऊन वाणिज्य शिक्षणाची सोय झाली होती. १९१८ साली मुंबई सरकारनं 'गव्हर्न्मेंट डिप्लोमा इन अकाउंटन्सी' ही परीक्षा सुरू केली. ती पास व्हायची, मान्यताप्राप्त अकाउंटंटकडे तीन वर्षं उमेदवारी करायची, की मोकळा परवाना मिळे. लंडन न पाहता देशभर सही करण्याचा हक्क मिळवून देणारी ही आपल्या मातीतली वाट. नुसता डिप्लोमा म्हणून तिच्याकडे पाहणं अन्यायाचं होईल.

पुढे १९३० च्या सुमारास देशभरासाठी एकच नोंदवही ठेवायचं ठरलं. तिच्यात नाव असलेला तो रजिस्टर्ड अकाउंटंट. जुन्या माणसांच्या तोंडी 'आर.ए.' हा शब्द असायचा, तो हाच. पण परीक्षा पास होणं आणि वहीत नाव चढणं या दोन गोष्टी वेगळ्याच राहिल्या. मद्रासच्या आर. शिवभोगम यांची गोष्ट त्यासाठी सांगायलाच हवी. १९३३ साली त्या डिप्लोमा परीक्षा पास झाल्या, आणि आपल्या देशातल्या पहिल्या महिला अकाउंटंट म्हणून त्यांचं नाव घेतलं जातं. त्या स्वातंत्र्यलढ्यात तुरुंगात जाऊन आल्या होत्या. तुरुंगवास भोगलेल्याची नोंदणी होऊ नये, असा नियम आडवा आला. त्या कोर्टात गेल्या, जिंकल्या आणि १९३७ साली त्यांनी स्वतःचा व्यवसाय सुरू केला. परीक्षेचा निकाल आणि पहिली सही यांच्यात चार वर्षं गेली. त्या चार वर्षांत त्यांना हिशेब येत नव्हता असं कोण म्हणेल?

स्वातंत्र्यानंतर मात्र चित्र पालटलं. चार्टर्ड अकाउंटंट्स कायदा १ मे १९४९ रोजी मंजूर झाला आणि १ जुलैपासून अमलात आला. राज्यघटना अजून यायची होती, त्याआधीच हिशेबाची घटना आली. जी. पी. कपाडिया नव्या संस्थेचे पहिले अध्यक्ष झाले. नाव 'चार्टर्ड' ठेवलं, पण ही सनद राजाची नव्हती, आपल्याच कायदेमंडळाची होती.

या कायद्यातलं कलम २९ मी भाईंना वाचून दाखवलं, तेव्हा ते बराच वेळ गप्प होते. त्या कलमाचा आशय असा, की जो देश भारतीय नागरिकाला आपल्याकडे हा व्यवसाय करू देत नाही किंवा त्याच्याशी दुजाभाव करतो, त्या देशाच्या नागरिकाला आपल्या संस्थेचं सभासद होता येणार नाही. तुम्ही आमच्याशी जसे, तसे आम्ही तुमच्याशी. ज्यांनी चाळीस वर्षं दुसऱ्यांच्या दारात उभं राहून पाहिलं, त्यांनीच लिहावं असं हे कलम आहे. आणि त्याची दुसरी बाजूही पाहायला हवी. आता आपल्या दारावरही पहारा बसला. आजही भारतात कंपनीचं वैधानिक ऑडिट करायचं तर आपल्या संस्थेचा सनदी लेखापालच लागतो. एसीसीए होऊन आलेल्या मुलाला इथे नोकऱ्या मिळतात, चांगल्या मिळतात, पण ऑडिटच्या अहवालावर सही करता येत नाही. भाईंना तिकडे जो नियम भेटला, त्याचा सख्खा भाऊ आपल्याकडेही राहतो.

मग १९७३ साल आलं. त्या वर्षी दोन गोष्टी घडल्या. तेलाचे भाव भडकले आणि आखातात पैशाचा पूर आला. कोकणातली माणसं पूर्वी जहाजांवर खलाशी म्हणून जात, ती आता विमानानं दुबई, कुवेत, बहरीनला जाऊ लागली. आमच्या खाडीकाठच्या गावांचं रूपच पालटलं. त्याच वर्षी लंडनमध्ये जगभरच्या हिशेबासाठी समान नियम करणारी समिती स्थापन झाली. पुढे २००१ साली तिच्या जागी नवं मंडळ आलं. २००५ पासून युरोपीय संघातल्या शेअर बाजारावरच्या कंपन्यांना त्या नियमांनी एकत्रित हिशेब मांडणं सक्तीचं झालं. आपल्याकडेही २०१६ पासून मोठ्या कंपन्यांना त्याच धर्तीचे नवे नियम टप्प्याटप्प्यानं लागू झाले. म्हणजे पाचोलीनं सुरू केलेला प्रवास पुरा झाला म्हणायचा. मुंबईत शिकलेला ताळेबंद लंडनमध्ये वाचता येतो.

पण कर आणि कायदा यांचा प्रवास असा होत नाही. ती झाडं मातीला धरून असतात. भाई आखातात होते तेव्हा तिथल्या बहुतेक व्यापाऱ्यांना कराचा अभ्यास असलेला माणूस नकोच होता, कारण करच नव्हता. आज चित्र निराळं आहे. संयुक्त अरब अमिरातीत १ जानेवारी २०१८ पासून पाच टक्के मूल्यवर्धित कर आला. १ जून २०२३ पासून सुरू होणाऱ्या आर्थिक वर्षांना कंपनी करही लागू झाला. तीन लाख पंच्याहत्तर हजार दिरहमपर्यंतच्या करपात्र नफ्यावर काही नाही, त्यावर नऊ टक्के. तेव्हा 'आखातात जायचंय, कर कशाला शिकू?' हा जुना सल्ला आता चालणार नाही. पण ब्रिटनचा आयकर पाठ करून दुबईत उतरणं हेही मराठीचं व्याकरण शिकून मद्रासला वर्तमानपत्र वाचायला बसण्यासारखं. कर म्हणजे काय, ही समज सोबत येते. कलमं आणि दर तिथले नव्यानं शिकावे लागतात.

सहीची जोखीमही काळाबरोबर वाढली. जानेवारी २००९ मध्ये हैदराबादच्या सत्यम कंपनीच्या प्रमुखानं खोट्या हिशेबांची कबुली दिली. त्या हिशेबांवर सही करणाऱ्यांनाही अटक झाली आणि २०१५ साली शिक्षा झाली. २०१८ साली ऑडिटरांवर देखरेख ठेवणारं राष्ट्रीय प्राधिकरण नेमलं गेलं. त्यामुळे परदेशी पाहुण्याला सहज सही करू द्या, असं कुठलंच सरकार आता म्हणणार नाही, आणि त्यात फार चूकही नाही.

हा सगळा इतिहास त्या संध्याकाळी मी पुतणीला सांगितला नाही. पोरगी उठून गेली असती! पण तिच्या पडद्यावरचा फॉर्म मात्र आम्हा दोघा भावांना आता निराळा दिसू लागला. एसीसीएची जी रचना २०१८ साली आली, तिच्यात शेवटच्या टप्प्यावर चार ऐच्छिक विषय ठेवले होते. प्रगत वित्त व्यवस्थापन, प्रगत कामगिरी व्यवस्थापन, प्रगत करशास्त्र आणि प्रगत ऑडिट. त्यांतले दोन घ्यायचे. शिवाय कायदा, कर, ऑडिट अशा विषयांच्या देशागणिक किंवा आंतरराष्ट्रीय आवृत्त्या. क्लासमधल्या मुलांना ही सोपं-कठीणची यादी वाटत होती. खरं तर तो नकाशा होता.

ब्रिटनमध्ये ऑडिटवर सही करायची असेल, तर ऑडिटचा पेपर ऐच्छिक राहत नाही, तो घ्यावाच लागतो. कायद्याचे, कराचे आणि ऑडिटचे पेपरही तिथल्याच आवृत्तीचे हवेत, आणि तिथल्या कायद्यानं मान्य केलेल्या ऑडिटरच्या हाताखाली प्रत्यक्ष काम हवं. सहीच करायची नसेल, एखाद्या कंपनीत बसून पैशाचं नियोजन करायचं असेल, तर वित्त व्यवस्थापन घ्यावं आणि आंतरराष्ट्रीय आवृत्ती घ्यावी. तिला दुबईत आणि सिंगापुरातही किंमत आहे. करशास्त्र घ्यायचं ते ज्या देशाचा कर शिकतो, त्याच देशात घर करायचं असेल तर.

आपल्या सीएच्या परीक्षेनंही हे ओळखलं आहे. २०१७ च्या अभ्यासक्रमात शेवटच्या टप्प्यावर एक ऐच्छिक पेपर आला. त्यात आंतरराष्ट्रीय करआकारणी होती, जागतिक हिशेबनियम होते. २०२३ च्या नव्या योजनेत उमेदवारी तीन वर्षांवरून दोन वर्षांवर आली आणि ऐच्छिक विषय स्वतःच्या गतीनं करायच्या ऑनलाइन भागात गेले. २००८ साली आपल्या संस्थेनं इंग्लंड-वेल्सच्या संस्थेशी करार केला. त्यामुळे भारतीय सीएला सगळी परीक्षा पुन्हा न देता मोजक्या पेपरांवर तिकडचं सभासदत्व मिळवण्याची वाट खुली झाली. १९१३ साली एकाच दिशेनं चालणारी बोट आता दोन्ही दिशांनी चालू लागली, असं म्हणायला हरकत नाही. तरी सभासदत्व वेगळं आणि ऑडिटच्या सहीचा हक्क वेगळा, हे विसरू नये.

अमेरिकेची तऱ्हा आणखी न्यारी. तिथे सीपीए परीक्षा देशभर एकच, पण परवाना देतं प्रत्येक राज्य. १८९६ साली न्यूयॉर्कनं पहिला कायदा केला, तेव्हापासूनची ही चाल. जानेवारी २०२४ पासून तिथे तीन पेपर सर्वांना समान आणि चौथा तिघांतून निवडायचा, अशी मांडणी आली. हिशेबाचं विश्लेषण, माहिती यंत्रणा किंवा कर. चौथा पेपर कुठलाही घेतला तरी परवाना एकच मिळतो. म्हणून तिथे आधी राज्य निवडावं, मग पेपर.

तेव्हा ज्यांच्या घरात अशी मुलं-मुली आहेत, त्यांना मी भाईंच्या वतीनं तीन प्रश्न देतो. पहिला, तुला सही करायचीच आहे का? न करताही सन्मानानं जगता येतं; फक्त ते आपण होऊन ठरवलेलं असावं. दुसरा, कुठल्या देशात? 'परदेश' नावाचा देश नकाशात नाही. आणि तिसरा प्रश्न आपण विचारायलाच विसरतो. परत आलास तर? आई-वडील म्हातारे होतात, कायदे बदलतात, तेलाचे भाव उतरतात. परतीच्या वाटेवर हातातला कागद किती उपयोगाचा, हेही आजच पाहून ठेवावं. या तिन्ही प्रश्नांची उत्तरं मिळाली, की त्या त्या देशाच्या नोंदणी करणाऱ्या संस्थेचे चालू नियम स्वतः वाचावेत. क्लासचं माहितीपत्रक तेवढ्यावर पुरत नाही. बारीक अक्षर असतं, पण वाचावं.

पुतणीनं तीन दिवस घेतले. मग ऑडिट आणि वित्त व्यवस्थापन हे दोन विषय निवडले, ऑडिट ब्रिटनच्या आवृत्तीचं. फॉर्म पाठवण्याआधी तिचा हात थांबला. म्हणाली, "अब्बा, ऑडिटमध्ये फार जण नापास होतात. नाही जमलं तर?"

भाई म्हणाले, "तर पुन्हा बस. तीन-सहा महिने जातील. मी बावीस वर्षं बसलो होतो."

ती हसली आणि तिनं बटण दाबलं. निकाल काय लागेल, पुढे व्हिसा मिळेल का, तिथला नियम तोवर बदलेल का, हे अल्लाला ठाऊक. पण ती जिथे जाईल तिथे माहीत असून जाईल.

भाई आता गावातच असतात. आमच्या सार्वजनिक वाचनालयाचे खजिनदार आहेत. वर्गणी किती, पुस्तकं कितीची, दिव्याचं बिल किती, असा दोन पानांचा जमाखर्च. दर महिनाअखेरीला तो ते स्वच्छ अक्षरात लिहितात, बेरीज दोनदा तपासतात. मग खिशातलं पेन काढतात आणि खाली सही करतात. तारीखही घालतात.